रॉकेलचा वास

"टाकीत रॉकेल आहे," असं मी चौकात, चहाच्या टपरीसमोर, दहा-बारा माणसांच्या देखत बोललो. गाडी माझ्या ताईची होती आणि चालवायचे काका. रोज संध्याकाळी ती त्यांच्याच दारात उभी असायची. त्यामुळे रॉकेल कोणी मिसळलं हे वेगळं सांगायची गरजच उरली नाही. त्या दिवसांत टाकीतलं डिझेल काढून रेशनचं रॉकेल ओतणारे ड्रायव्हर आमच्याकडे काही कमी नव्हते. काका त्यातले नव्हते, आणि हे सगळ्यांत आधी मला माहीत असायला हवं होतं.

काका म्हणजे सख्खे नव्हेत. माझे वडील बोरी अरबजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते आणि काका तिथलेच ट्रक ड्रायव्हर. दोघं एकाच वस्तीतले, एकाच डब्यात जेवणारे. हंगाम संपून जिनिंगचं आवार रिकामं झालं की काका मला ट्रकच्या स्टेअरिंगवर बसवत. गिअर चुकला की ओरडत नसत. गाडीखालून बाहेर येत आणि ऑइलने भरलेले दोन्ही हात माझ्या पाठीला पुसत. "फिटरचं पोट्टं अन् पांढरा शर्ट?" म्हणत आणि स्वतःच हसत. आईने त्या शर्टांवरून मला किती वेळा बदडलं असेल याची मोजदाद नाही. पण तो पंजा पाठीवर पडला की मला बरं वाटायचं. मी मुद्दाम पांढरा शर्ट घालून जायचो.

मोठा झाल्यावर मी दारव्हा रोडला टिनाचं शेड टाकून गॅरेज काढलं. माझा स्वभाव पहिल्यापासून उतावळा. बोल्ट फिरत नसेल तर दुसरा माणूस त्यावर तेल सोडून बिडी ओढेल, मी हातोडा उचलेन. वडील इंजिनला पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक लावायचे, त्याची मूठ कानाला टेकवायचे आणि डोळे मिटून ऐकत बसायचे. मला ते बघवायचं नाही. इतका वेळ कशाला? म्हणून नव्या कॉम्प्युटरच्या गाड्या यायला लागल्या तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. नागपूरहून मी एक जुना स्कॅनर आणला, टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून. गाडीला वायर जोडायची, बटण दाबायचं, दोष पडद्यावर हजर. अख्ख्या पट्ट्यात तसं मशीन माझ्या एकट्याकडे होतं आणि ते मी कोणालाही विसरू देत नसे.

ताईलाही मीच भरीला घातलं होतं. भाऊजींची कंबर धरली तेव्हापासून घर गाडीवर चालायचं. ताईची जुनी जीप बायांना कापूस वेचायला शेतांवर नेई आणि संध्याकाळी परत आणी. "ते खटारं काढ ताई, कॉम्प्युटरची घे. काही बिघडलं तर माझं मशीन आहेच," असं मी म्हणालो आणि तिने माझं ऐकलं. काकांना ते फारसं पटलेलं नव्हतं. तोवर त्यांची जिनिंगमधली नोकरी सुटली होती आणि ते ताईची गाडी चालवायला लागले होते. नव्या गाडीच्या बॉनेटखाली डोकावून त्यांनी एवढंच विचारलं, "यात हात कुठून घालाचा बाप्पा?"

ते वर्ष बोंडअळीचं होतं. आधीची दोन वर्षंही काही धड गेली नव्हती. बाहेरून हिरवंगार, टच्च बोंड, आणि फोडलं की आत गुलाबी अळी. जो काही कापूस फुटला होता तो सडायच्या आत घरात यावा म्हणून गावोगाव वेचणाऱ्या बायांसाठी ओढाताण चाललेली. बाया वेचणार किलोवर. सकाळी लवकर वावरात पोचल्या तर त्यांचा दिवस, उशीर झाला तर गेला. त्यामुळे जी गाडी वेळेवर सोडते तिच्यातच त्या बसणार. ताईच्या गाडीत आमच्या वस्तीतल्या आणि शेजारच्या गावातल्या बाया होत्या, आणि त्यांच्यातली एक म्हातारी आजी सगळ्यांची पुढारी होती. ती ज्या गाडीत चढेल तिच्यात बाकीच्या चढत.

ज्या दिवशी पहिली वेचणी होती त्या दिवशी वावरात सीतादही करायचं होतं. दहीभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय वावराची मालकीण पहिल्या झाडाला हात लावू देत नाही, आणि तिला ते उन्हं चढायच्या आत उरकायचं होतं. नेमकी गाडी माझ्या गॅरेजसमोर येऊन डिझेल संपून थांबली. काकांनी आदल्या दिवशीच ताईला सांगितलं होतं, ताई विसरली होती. बाया आत बसून कालवा करत होत्या. मी कॅन आणला, वडिलांचं पत्र्याचं नरसाळं लावलं आणि डिझेल ओतलं. ते फार हळू उतरत होतं. ताई फोनवर ओरडत होती. मी पेचकस नरसाळ्याच्या नळीत दोनदा खुपसला, डिझेल भसकन खाली गेलं, गाडी निघाली. मी कामाला लागलो.

दोन-तीन दिवसांनी गाडी नदीच्या पुलापलीकडच्या चढावर बंद पडली. आधी समोर पिवळा दिवा लागला, मग दम गेला, मग इंजिन गप्प. काकांनी दहा मिनिटं थांबून किल्ली फिरवली तर काही झालंच नाही अशी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी बाया अर्धा रस्ता पायी गेल्या.

मी स्कॅनर लावला. कोड आला: पी, शून्य, शून्य, आठ, सात. माझ्या वहीत त्याचा अर्थ लिहिलेला होता, की इंजेक्टरना जाणाऱ्या डिझेलचा दाब कमी पडतोय. मला कोण आनंद झाला. फिल्टर बदलला, कोड पुसला, गाडी दिली. सकाळी ती पुन्हा चढावर. मग कम्पाउंडरकडून सलाइनच्या नळ्या मागून आणल्या, एकेका इंजेक्टरला जोडल्या आणि चार बाटल्यांत मागे परतणारं डिझेल मोजलं. चारही बाटल्या सारख्या भरल्या, म्हणजे इंजेक्टर ठीक. पंप बघितला, ठीक. गॅरेजमध्ये दुपारभर इंजिन चालू ठेवलं तर ते हूं की चूं करेना. कोड पुसला की जाई, आणि चढावर पुन्हा येई. मी जेवायला घरी जायचो आणि अर्ध्या ताटावरून उठून परत यायचो. मशीन सांगत होतं दाब कमी आहे. का कमी आहे ते सांगत नव्हतं. ताप आहे एवढंच सांगून डॉक्टर निघून जावा तशातली गत.

काका शेडमध्ये येऊन उकिडवे बसत आणि बघत राहत. एकदा म्हणाले, "टाकी उतरवून पाह्यतं का एकडाव?"

"काका, मशीन टाकीचं काही बोलत नाही," मी म्हणालो.

"मशीन कुठं टाकीत उतरते?" ते म्हणाले. मी पुन्हा स्कॅनरची वायर जोडली. टाकी उतरवायची म्हणजे अर्धा दिवस आडवं पडायचं, आणि मला अर्धा दिवस नव्हता. म्हातारी आजी ताईला सांगून गेली होती की आणखी एकदा गाडी थांबली तर टोळी दुसऱ्या गाडीत बसेल.

त्या दिवशी मी जुन्या फिल्टरमधलं डिझेल तळहातावर घेतलं आणि नाकाशी नेलं. रॉकेल! स्वच्छ, नाकात झोंबणारा वास. मला एकदम सगळं उलगडल्यासारखं झालं. भेसळीच्या तेलाने दाब पडतो हे वहीत होतंच. गाडी रोज काकांच्या दारात असते. मी हात पुसले आणि तसाच चौकात गेलो. थोडं थांबावं, काकांना बाजूला घ्यावं, असं माझ्या मनातही आलं नाही. मला फक्त उत्तर सापडल्याचा हर्ष होता, आणि ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

टपरीवर काका कप हातात घेऊन उभे होते. ताई तिथेच होती, बाया उतरत होत्या. मी म्हणालो ते वर सांगितलंच आहे.

काकांनी कप खाली ठेवला. "कोन सांगते? तू सांगतं का मशीन सांगते?"

"मशीन सांगते," मी म्हणालो.

हे खोटं होतं. मशीनने रॉकेलचं नावही काढलेलं नव्हतं. पण मशीनचं नाव घेतलं की लोक गप्प बसतात हे मला एव्हाना कळलं होतं. काकांनी खिशातून किल्ली काढून टपरीच्या फळीवर ठेवली. मग दस्ती काढली, हात पुसले. हातांना काही लागलेलं नव्हतं. "बरं," म्हणाले आणि घराकडे चालायला लागले. ताईने माझ्याकडे बघितलं. तिने त्यांना थांबवलं नाही, कारण तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

वस्तीत अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. त्याच आठवड्यात काकांना एका ट्रॅक्टरवाल्याने बोलावलं होतं, त्याने निरोप पाठवला की आता गरज नाही. काकू नळावर आल्या की बायकांचं बोलणं थांबायचं. हे मला माझ्या आईने सांगितलं, आणि सांगून झाल्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

गाडी मी स्वतः चालवायला घेतली. टाकीतलं डिझेल काढून टाकलं, दारव्ह्याच्या पंपावर डोळ्यांदेखत ताजं भरलं. पहिले दोन दिवस गाडी पळाली. मी ताईला म्हणालो, "बघ." तिसऱ्या दिवशी, बाया भरलेल्या, पुलापलीकडच्या त्याच चढावर पिवळा दिवा लागला. मग दम गेला. मग इंजिन गप्प.

मी किल्ली फिरवत राहिलो.   शेवटी म्हातारी आजी खाली उतरली, लुगड्याचा ओचा सारखा केला आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, "आता रॉकेल कोनं टाकलं रे बाबू?"

बाया एकेक करून उतरल्या आणि चालायला लागल्या. मी स्टेअरिंगवर हात ठेवून तसाच बसलो. 

त्या दुपारी मी टाकी उतरवली. घाई केली नाही, कारण आता घाई करून जायचं कुठे होतं? टाकीच्या तोंडातून बॅटरीचा उजेड टाकला तर आत काहीतरी पांढुरकं, भिजून लिंबाएवढं फुगलेलं, डिझेलवर हलत होतं. तारेचा आकडा करून ते बाहेर काढलं. कापसाचा बोळा. वरून जुन्या धोतराचं फडकं, निळ्या काठाचं, दोऱ्याने बांधलेलं.

तो काठ मी ओळखला. वडिलांच्या धोतराचा होता. जिनिंगच्या पिपातल्या डिझेलमध्ये पाणी आणि कचरा असायचा, म्हणून वडील नरसाळ्याच्या नळीत असा बोळा घट्ट बसवत. आमच्याकडे कापूस कशालाही लागतो. कानात, दिव्यात, तेलाच्या डब्याच्या तोंडाला, आणि गाळायला तर हमखास. माझ्या नरसाळ्यात तो वडिलांच्या हातचाच बोळा होता, वर्षानुवर्षं. डिझेल हळू उतरत होतं ते त्याच्यामुळे. आणि मी पेचकस खुपसून तो टाकीत ढकलला होता. सपाटीवर तो तरंगत राही. चढावर डिझेल मागे लोटलं की जाऊन ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला चिकटे. इंजिन बंद झालं की सुटून पुन्हा तरंगे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून हसावंसं वाटलं असतं, पण हसू येईना.

मग मला दुसरी गोष्ट आठवली. रॉकेलचा वास. मी दिवसभर सुटे भाग रॉकेलच्या तसराळ्यात धुतो. त्या दिवशीही सकाळपासून धुतच होतो. तळहातावर डिझेल घेऊन मी हुंगला तो माझाच हात होता. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणे. इथे चोरच नव्हता आणि मी तरीही सुळी उभी केली होती.

बोळा प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी काकांच्या घराकडे निघालो आणि विहाराच्या कोपऱ्यावरून परत फिरलो. पुन्हा निघालो. किराणा दुकानात काही काम नसताना शिरलो, काडीपेटी घेऊन बाहेर आलो. तिसऱ्या वेळी काकूंनीच मला अंगणातून पाहिलं, मग परतायची सोय राहिली नाही.

काका खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी जयभीम केला. आमच्या वस्तीत कितीही भांडण असो, जयभीमला उत्तर मिळतं. त्यांनी दिलं, मान वर न करता. मी पिशवी उघडून समोर धरली. त्यांनी बोळा हातात घेतला, फिरवून बघितला, काठावरून अंगठा फिरवला.

"तुह्या बापाचा बोळा हाये हा," ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. नरसाळं, पेचकस, माझा हात. मशीन काही बोललं नव्हतं हेही सांगितलं.  मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय वर घेतले.

"इथं घरात सांगून काय फायदा?" ते म्हणाले. "मले तर माहीतच होतं. तू चौकात सांगतलं, चौकातच सांग. बाया बसतात त्या टायमाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टपरीसमोर उभा राहिलो.  आदल्या वेळी तिथेच मी किती जोरात बोललो होतो, आणि आता चहावाल्यालाही ऐकू जाईना. तो म्हणाला, "मोठ्यानं बोल ना." मी मोठ्याने बोललो. रॉकेल नव्हतंच. बोळा माझ्या हातून टाकीत गेला. मशीनने सांगितलं असं मी म्हणालो ते खोटं होतं. पिशवी सगळ्यांना दिसेल अशी धरली. काका दूर, पिंपळाखाली, पाठ करून उभे होते. त्यांना ऐकू येत होतं की नाही मला अजून माहीत नाही.

 मग म्हातारी आजी म्हणाली, "आमाले ठाऊक होतं. त्या मानसाची वीस साल झाले गाडी पाह्यतो आमी."

"मग त्या दिवशी बोलल्या काहून नाही?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच, स्वभावाला औषध नाही.

"तुह्या मशीनीपुढं आमचं कोन आयकते?" ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

ताईने त्याच दिवशी किल्ली काकांच्या घरी नेऊन दिली आणि पदर पसरून माफी मागितली. काका परत आले. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया भरलेली गाडी माझ्या गॅरेजसमोर थांबली. काका उतरले, टाकीचं झाकण काढलं, आत तार बुडवली, तिच्या टोकाचं डिझेल बोटावर घेतलं आणि बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"वास घे."

"काका, कशाला..."

"घे."

मी घेतला. "साफ हाये, काका."

त्यांनी दस्ती काढून बोट पुसलं आणि गाडी सुरू केली. मला वाटलं दोन-चार दिवस करतील, राग आहे, निघेल. पण ते रोज थांबले. वेचणी संपली, दुसरा हंगाम आला, अळी आली, पुन्हा बायांनी भरलेल्या गाड्या निघाल्या. रोज सकाळी ते झाकण, ती तार, ते बोट. कधी मी गाडीखाली असलो तर ते मी उठून बाहेर येईपर्यंत हॉर्न वाजवत. चिडून नाही. रागाचा शब्द त्यांनी एकदाही काढला नाही, काकूंच्या हातचा चहा पाजला, माझ्या मुलीच्या नामकरणाला पहिल्या रांगेत बसले. फक्त बोट माझ्या पाठीला पुसलं नाही. मला सकाळ झाली की धसका बसायचा, आणि गाडीला उशीर झाला तर त्याहून जास्त. स्कॅनर मी अजून वापरतो. पण कोड आला की आधी हात साबणाने धुतो, मग गाडीखाली आडवा होतो, आणि मालकाला काही सांगायच्या आधी दोन चकरा मारून येतो.

मग काकांना मोतीबिंदू झाला. गाडी सोडायची ठरली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते किल्ली ताईला देणार होते हे मला माहीत होतं. त्या सकाळी मी पेटीतून पांढरा शर्ट काढला. बायकोने विचारलं कुठे निघालात, मी म्हणालो, कुठे नाही, गॅरेजवरच.

गाडी थांबली. काका उतरले, चाचपत झाकण काढलं, तार बुडवली, बोट माझ्यापुढे धरलं. 

"साफ हाये, काका," मी म्हणालो. आणि उगाच पान्हा शोधायचं निमित्त करून त्यांच्याकडे पाठ केली. बराच वेळ तसाच वाकून उभा राहिलो. मागे दस्ती झटकल्याचा आवाज आला. मग दार लागलं आणि गाडी गेली. माझा शर्ट संध्याकाळपर्यंत पांढराच होता.